क गळ्याशी, त दाताशी: मुलांना उच्चार शिकवायच्या हाताच्या खुणा

माझा भाचा साडेतीन वर्षांचा होईपर्यंत काकाला ताता म्हणायचा, गाडीला दाडी आणि कावळ्याला तावळा. घरात सगळ्यांना गोड वाटायचं, त्याच्या आजीने तर मोबाईलमधे रेकॉर्ड करून ठेवलंय. पण तो बालवाडीत जायला लागला आणि तिथे कुणालाच त्याचं बोलणं कळेना, मुलं "काय म्हणतो हा" करत हसायला लागली, आणि दोन महिन्यांत त्याने बाहेर बोलणंच बंद केलं. घरी बडबड बडबड, उंबऱ्याबाहेर गप्प. मग बहिणीने त्याला स्पीच थेरपिस्टकडे नेलं, मी पण सोबत गेले होते, आणि तिथे पहिल्यांदा बघितलं की त्या मॅडम तोंडाने क म्हणताना एक बोट गळ्यापाशी नेतायत, हनुवटीच्या खाली पार मागे, आणि हा टक लावून त्या बोटाकडे बघतोय.

आम्ही वर्षभर त्याला "ताता नाही रे राजा, काऽका म्हण" असं सांगत होतो आणि तो दर वेळी मनापासून "ताऽता" म्हणत होता. ऐकू येत होतं, करायची इच्छा पण होती, फक्त जीभ नेमकी कुठे न्यायची हे त्याला कुणी दाखवलं नव्हतं. आणि दाखवणार तरी कसं, प म्हणताना ओठ दिसतात, त म्हणताना जिभेचं टोक दिसतं, क म्हणताना मात्र सगळं काम आत घशाजवळ चालतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. ते न दिसणारं हाताने बाहेर दाखवायचं, बस्स, एवढीच ही आयडिया आहे.

मी स्वतः बालवाडी शिकवते. त्यानंतर वर्गात हे करायला लागले आणि आता आमच्याकडे सगळीच मुलं खुणा करतात, ज्यांचे उच्चार स्वच्छ आहेत ती सुद्धा, कारण पुढे वाचायला शिकताना याचा फार उपयोग होतो. कसं करायचं ते सविस्तर लिहिते.

आधी थोडी माहिती, म्हणजे घोळ होणार नाही. क्यूड आर्टिक्युलेशन नावाची एक पद्धत आहे, जेन पॅसी नावाच्या स्पीच थेरपिस्टने १९७० च्या दशकात बनवलेली, त्यात प्रत्येक ध्वनीला एक खूण असते आणि ती खूण तोंडात तो आवाज कुठे आणि कसा तयार होतो ते सांगते. एक बोट म्हणजे गळा थरथरत नाही असा आवाज, दोन बोटं म्हणजे गळा थरथरतो असा. क्यूड स्पीच हे त्याच्याहून वेगळं, ते ओरिन कॉर्नेट यांनी १९६६ मधे अमेरिकेत गॅलॉडेट कॉलेजमधे कर्णबधिर मुलांसाठी तयार केलं, ओठ वाचताना प आणि ब सारखेच दिसतात तो फरक हाताने दाखवायला. आणि इंग्लिश मीडियमच्या बऱ्याच शाळांत जॉली फॉनिक्स असतं, त्यातल्या ॲक्शन म्हणजे एसला साप, ए ला हातावर चढणाऱ्या मुंग्या, त्या अक्षर लक्षात राहावं म्हणून आहेत, जीभ कुठे ठेवायची ते त्यातून कळत नाही. आणि ही कुठलीच खुणांची भाषा म्हणजे साइन लँग्वेज नाही. "खुणा शिकवल्या तर बोलायचं सोडून देईल ना हो" असं दरवर्षी एक तरी आई विचारते, तर नाही, इथे खूण कायम आवाजासोबतच असते, तोंड बंद ठेवून कधीच करायची नाही.

आता आपल्या मराठी माणसाची सोय बघा. आपली वर्णमाला म्हणजे तोंडाचा नकाशाच आहे, आपण शाळेत ती घोकली आणि विसरलो. क वर्ग कंठ्य, च वर्ग तालव्य, ट वर्ग मूर्धन्य, त वर्ग दंत्य, प वर्ग ओष्ठ्य, म्हणजे पार घशापासून सुरू करून एकेक पायरी पुढे येत ओठांपर्यंत. आणि प्रत्येक ओळीत क्रम तोच, पहिला साधा, दुसऱ्यात हवेचा झोत, तिसऱ्यात गळ्याची थरथर, चौथ्यात थरथर आणि झोत दोन्ही, पाचवा नाकातून. म्हणून मी पंचवीस अक्षरांना पंचवीस खुणा केल्याच नाहीत. पाच जागा, बोटांची संख्या, हवेचा हात आणि नाक, एवढ्यावर पंचवीसच्या पंचवीस बसतात आणि चार वर्षाच्या मुलाला ते लक्षात राहतं. मोठ्या माणसांनाच जरा वेळ लागतो.

जागा अशा. क वर्गाला बोटाचं टोक हनुवटीखाली मागे, जिथे गळा सुरू होतो तिथे. च वर्गाला बोट गालाच्या मधोमध, कारण जिभेचा मधला भाग वर टाळूला लागतो. ट वर्गाला तर्जनी हुकासारखी मागे वाकवून तोंडासमोर, जीभ तशीच आत वळते. त वर्गाला सरळ बोट वरच्या पुढच्या दातांकडे दाखवायचं, लावायचं नाही. प वर्गाला बोट आडवं ओठांवर आणि आवाज सुटताना पटकन बाजूला.

मग क म्हणजे गळ्याशी एक बोट. ग म्हणजे त्याच जागी दोन बोटं. ख म्हणजे गळ्याशी एक बोट आणि लगेच पंजा पुढे उघडायचा, हातातली रांगोळी फुंकरीने उडवल्यासारखा. घ म्हणजे दोन बोटं आणि मग पंजा उघडायचा. न, ण, म या नाकातल्यांना एका हाताने जागा दाखवायची आणि दुसऱ्या हाताचं बोट नाकाच्या बाजूला टेकवायचं, म्हणजे नाकाची थरथर पण बोटाला लागते. मुलाला नाक चिमटीत धरून म म्हणायला सांगा, म निघतच नाही, हा खेळ वर्गात अर्धा तास पुरतो. ङ आणि ञ वेगळे शिकवत बसू नका, ते शब्दात आपोआप येतात, त्यावर पुढे बोलते.

उरलेले पटापट सांगते. स ला एक बोट दातांपासून पुढे लांब रेघ ओढत न्यायचं, जोवर हवा चालू तोवर रेघ चालू. श ला ओठांसमोर उभं बोट, "गप्प बसा" ची खूण, मुलांना आधीच येते. ष साठी वेगळी खूण नको, आपल्या बोलण्यात तो श सारखाच झालाय, लिहायला येईल तेव्हा बघू. ल ला बोटाचं टोक वर करून थांबवायचं, ळ ला ट सारखा हुक करून तो पुढे झटकायचा, र ला बोटाचं टोक हवेत थरथरवायचं, ह ला तोंडासमोर तळवा म्हणजे गरम वाफ लागते, व ला दोन बोटं खालच्या ओठाशी, य ला दोन बोटं गालावरून पुढे सरकवायची.

सुरुवात कुठून करायची? मुलाला जो आवाज येत नाही तिथून अजिबात नाही. मी पहिल्या वर्षी हीच चूक केली, उत्साहात एका आठवड्यात सगळी वर्णमाला हातावर घेतली आणि मुलं नुसते हातवारे करायला लागली, तोंडाकडे कुणाचं लक्षच नाही. आता पहिला आठवडा फक्त म, ब, प. हे आवाज बहुतेक सगळ्यांना येतात, त्यामुळे मुलाला एवढंच कळतं की अच्छा, ताईचं बोट म्हणजे माझं तोंड. हे डोक्यात बसलं की मगच अडलेला आवाज घ्यायचा. एका वेळी एकच.

बसायचं कसं तेही महत्त्वाचं आहे. खुर्चीवर बसून वरून शिकवू नका, खाली मांडी घालून बसा, तुमचं तोंड त्याच्या डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे. हाताने ओठ झाकले जाऊ नयेत. एक हातातला आरसा ठेवा, त्यात त्याला तुमचं आणि स्वतःचं तोंड शेजारी शेजारी दिसू दे. डावखुरं मूल असेल तर डाव्या हाताने करू दे, काही फरक पडत नाही. आणि वेळ पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, संपलं. अर्धा तास बसवलंत की ते शिक्षा वाटायला लागतं.

आता भाच्याचा क कसा आला ते सांगते, कारण काका-ताता वाली मुलं खूप असतात. नुसतं गळ्याशी बोट नेऊन तो त च म्हणत राहिला, फक्त आता बोट गळ्याशी ठेवून त. मग त्या मॅडमनी त्याला चटईवर उताणं झोपवलं. झोपलं की जीभ आपोआप थोडी मागे पडते. वर पंखा फिरत होता, त्याला म्हणाल्या, पंख्याकडे बघ आणि गुळण्या करतो तसा आवाज काढ, पाणी न घेता. त्याने काढला, ग्ग्ग्ग, आणि स्वतःच दचकला, कारण तो आवाज त्याने आजवर तोंडातून काढलाच नव्हता. मॅडमनी लगेच त्याची दोन बोटं धरून त्याच्याच गळ्याशी लावली. परत ग्ग्ग. परत बोटं. पाच सहा वेळा झाल्यावर उठवून बसवलं, आणि बसल्यावर आवाज गेला, परत द झाला. तर म्हणाल्या, तुझ्या दुसऱ्या हाताच्या स्वच्छ बोटाने जिभेचं टोक खालच्या दातांमागे दाबून धर. टोक वर जाऊच शकलं नाही, मग बिचारी जीभ मागून उचलली गेली. ग. मग ग-ग-गा. "गाडी" यायला अजून तीन आठवडे लागले, आणि पहिली गाडी तो आमच्या सोसायटीच्या गेटवर म्हणाला, दोन बोटं गळ्याला लावून, कचऱ्याची घंटागाडी आली तेव्हा. बहिणीच्या डोळ्यात पाणी आलं होतं.

पुढचे पाच टप्पे सगळ्याच आवाजांना लागू आहेत. आधी नुसता आवाज, मग स्वर लावून गा गी गू, मग शब्दाच्या सुरुवातीला, मग शेवटी आणि मधे, मग वाक्यात. एक पायरी दहापैकी आठ वेळा बरोबर यायला लागली की पुढची. शब्द निवडताना जोड्या घ्या म्हणजे मुलालाच कळतं की आवाज बदलला की अर्थ बदलतो. गाडी आणि दाढी, कार आणि तार, काप आणि ताप, गार आणि दार. चित्र काढून समोर ठेवा, मी खूण करते आणि म्हणते, तू चित्र उचल. मग उलट, तू म्हण, मी उचलते. तो "दार" म्हणाला आणि मी दाराचं चित्र उचललं तर तो स्वतःच म्हणतो, "नाही नाही, गार!" आणि बोटं गळ्याला नेतो. मला चूक दाखवावी लागत नाही.

एरवी दिवसभर त्याला टोकू नका. तो "दाडी आली" म्हणाला तर तुम्ही खूण करत "हो रे, गाडी आली, केवढी मोठी गाडी" एवढंच म्हणायचं, त्याच्याकडून वदवून घ्यायचं नाही. आणि पाहुण्यांसमोर "क म्हणून दाखव बरं काकूंना" हे तर कृपा करून बंद करा. मूल त्या क्षणी आवाज शिकत नाही, लाज शिकतं.

एक बोट आणि दोन बोटांचा फरक समजावताना बहुतेक जण मुलाचा हात गळ्यावर ठेवून क आणि ग म्हणायला लावतात, आणि मुलाला दोन्हीत थरथर लागते, कारण क च्या पुढचा अ आला की गळा थरथरतोच. म्हणून आधी लांबवता येणारे आवाज घ्या. सापाचा स्स्स्स, गळा शांत. मग ओठ मिटून म्म्म्म, गळा घुमतो. हे नीट कळलं की मगच क-ग, प-ब, त-द. झोताचा फरक दाखवायला टिश्यू पेपरची पट्टी तोंडासमोर धरा, क ला थोडीशी हलते, ख ला उडते. कार आणि खार, काट आणि खाट, पाट आणि पाठ. फ बद्दल एक, हल्ली बऱ्याच घरात फळ म्हणताना खालचा ओठ दाताला लागतो, दोन्ही ओठ मिटून उघडणारा जुना फ कमी ऐकू येतो. घरात जो आहे तो राहू द्या. घ झ ढ ध भ सगळ्यात उशिरा येतात, ते शब्दाच्या सुरुवातीलाच घ्या, घर, धार, भात. शब्दाच्या शेवटी नको, कारण आपण मोठे तरी कुठे दूध म्हणतो, बोलताना दूदच म्हणतो.

मराठीत एक गंमत आहे जी बाहेरच्या कुठल्याच तक्त्यात सापडणार नाही, आपले दोन च. "चार चाकं" म्हणून बघा. चार चा च टाळूला, चाकं चा च पुढे दातांजवळ. अक्षर एक, आवाज दोन. चिंच मधे तर एकाच शब्दात दोन्ही. तसंच माझा आणि माझी. अमराठी घरातली मुलं वर्गात येतात तेव्हा ती चमचा टाळूने म्हणतात आणि बाकीची मुलं हसतात. आम्ही टाळूच्या च ला बोट गालावर ठेवतो आणि दाताजवळच्या च ला तेच बोट गालावरून सरकवत दातांच्या कोपऱ्याशी आणतो. चूल, चाक, जा, झाड, माझा ही दातांची. चिमणी, जीभ, झेंडा, माझी ही गालाची. आमच्याकडे एक हिंदी भाषिक मुलगी होती, तिला हा फरक कानाने पकडता येत नव्हता पण बोट सरकताना बघून चार दिवसांत जमला, आणि मग ती घरी जाऊन आईला शिकवायला लागली.

ळ आणि ण बद्दल मात्र मला जरा कळकळीने सांगायचंय. मूल "मी केलं खाल्लं" म्हणत असेल आणि घरी सगळे केळंच म्हणत असतील, तर तो उच्चार शिकवायचा आहे, हुक करून पुढे झटका, वेल-वेळ, गाल-गाळ अशा जोड्या घ्या, आणि घाई करू नका, ळ आणि र हे सगळ्यात शेवटी येणारे आवाज आहेत, सहा सात वर्षांपर्यंत सुद्धा लागू शकतात. पण मूल डोळ्याला डोया म्हणत असेल आणि त्याची आई, आजी, सगळा गाव डोया म्हणत असेल, वऱ्हाडात म्हणतातच, खानदेशातही ळ चा य होतो, तर त्या मुलाची जीभ अगदी ठणठणीत आहे. ती त्याची बोली आहे. घरात पानी म्हणणाऱ्या मुलाचंही तेच. शाळेचं पाणी जरूर शिकवा, खूण दाखवून "पुस्तकातला हा असा" म्हणून शिकवा, पण "चुकीचं बोलतोस" हे वाक्य त्याच्या आईच्या बोलण्याबद्दल आहे हे त्याला बरोबर कळतं.

र ला बोबडं मूल ल म्हणतं, लिक्षा, लाजा. इथे वेखंड जिभेवर घासायचा सल्ला हमखास मिळतो. माझी आजी पण घासायची. पण र चा प्रश्न जिभेच्या टोकाच्या हालचालीचा आहे, चाटणाने ती हालचाल शिकता येत नाही, आणि लहान बाळांना असं काही चाटवण्याआधी डॉक्टरला विचारा. त्यापेक्षा ड-ड-ड-ड भराभर म्हणायला लावा, हळूहळू हलकं करत न्या, बोट थरथरवत. काही मुलांना त्यातून र सुटतो. ट्रॅक्टरचा आवाज काढणाऱ्या मुलांना लवकर येतो असा माझा अनुभव आहे.

स्वर आणि बाराखडी

इथे दोन हात लागतात आणि मला हा भाग सगळ्यात आवडतो. स्वर दुसऱ्या हाताने, हात म्हणजे तोंड. आ ला अंगठा खाली आणि चार बोटं वर, मगरीसारखा मोठा उघडा. ई ला अंगठा आणि तर्जनी ओठांच्या कोपऱ्यांपासून बाहेर ओढायची, हसल्यासारखी. ऊ ला छोटा गोल, ओ ला मोठा गोल, ए ला अर्धा उघडा पंजा, अ ला सैल हात. ऐ म्हणजे अ कडून ई कडे सरकणारा हात, औ म्हणजे अ कडून ऊ कडे. ॲ आणि ऑ आता वर्णमालेतच आहेत, बॅट आणि बॉल रोज तोंडात असतात, त्यांनाही आम्ही आ च्याच खुणा थोड्या बदलून करतो. ह्रस्व दीर्घाचं सध्या राहू दे, बोलताना शब्दाच्या शेवटी आपण दीर्घच म्हणतो.

आता उजवा हात क वर धरून ठेवा आणि डावा बदलत जा. का, की, कू, के, को. मुलाला डोळ्यासमोर दिसतं की क तिथेच आहे, बदलतेय ती मात्रा. घोकलेली बाराखडी म्हणणारी पण "कू कुठेय दाखव" म्हटल्यावर गोंधळणारी मुलं तुम्हीही बघितली असतील, कारण आपलं क हे अक्षर म्हणजे खरं तर क् अधिक अ, आणि हे मुलाला कुणी सांगितलेलंच नसतं. दोन हातांनी ते आपोआप कळतं. पाय मोडायचा असेल तर डावा हात खाली टाकायचा, झाला क्. जोडाक्षराला उजव्या हाताच्या दोन खुणा लागोपाठ, मधे डावा हात नाही. पक्का, चक्का, भक्त.

अनुस्वार पण इथेच सुटतो. नाकाला बोट आणि लगेच पुढच्या अक्षराची जागा. आंबा मधे नाक आणि ओठ, घंटा मधे नाक आणि हुक, संत्रं मधे नाक आणि दात, पंखा मधे नाक आणि गळा, चिंच मधे नाक आणि पुढचा च. टिंब एकच पण आवाज पाच, पुढचं अक्षर जिथे बसलंय तिथला नाकाचा आवाज येतो. पहिलीतल्या मुलांना मी हे कधी समजावून सांगितलं नाही, हात करता करता त्यांनाच कळलं. ङ आणि ञ अशा रीतीने शब्दातच येऊन जातात.

वाचायला सुरुवात करताना वर्णमालेच्या क्रमाने जाऊ नका. म, क, ब, त, र आणि आ ची मात्रा एवढं घेतलं तरी मामा, काका, बाबा, ताक, कार, तार, मका, बाक वाचता येतात, पहिल्याच आठवड्यात मूल खरा शब्द वाचतं आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. पाटीवर अक्षर, हाताने खूण, तोंडाने आवाज, तिन्ही एकदम. शब्दाच्या शेवटचा अ म्हणू नका. घरऽ नाही, घर्. हे पाळलं नाही तर मूल सुटी अक्षरं वाचतं आणि शब्द जुळतच नाही.

इंग्लिशला हाच घोळ दुप्पट होतो. आपल्याकडे बाई "कऽ, ॲ, टऽ" म्हणतात आणि मूल जोडून "कॲटऽ" म्हणतं. क् ॲ ट्, एवढंच, आणि डावा हात फक्त ॲ ला. शाळेत एस, ए, टी, आय, पी, एन अशा क्रमाने शिकवत असतील तर घरी पण तोच क्रम धरा, सॅट, पिन, टॅप, सगळे आवाज आपल्या खुणांत बसतात. शाळेची ॲक्शन अक्षर ओळखायला आणि आपली खूण उच्चाराला, दोन्ही चालतात, फक्त एकाच अक्षराचं दोन्ही एकाच दिवशी नको. आपली मुलं इंग्लिश टी ला मराठी ट म्हणतात, म्हणू द्या, सगळे समजतात.

खूण कायमची नसते. आवाज वाक्यात बसायला लागला की खूण छोटी करा, गळ्याला लावायचं बोट नुसतं मांडीवर हलवा, मग फक्त भुवई वर करा, मग काहीच नको. काही मुलं मधेच अडली की स्वतःच बोट नेतात, नेऊ द्या. घरातल्या सगळ्यांनी मात्र एकच खूण वापरायला हवी, आजीचा क एक आणि बाबांचा क दुसरा असं झालं की संपलं. मुलाच्याच हाताचे फोटो काढून, प्रिंट काढून फ्रिजवर लावा, आणि गावच्या आजी आजोबांना छोटा व्हिडिओ पाठवा, ते फार मनापासून करतात.

डॉक्टरकडे कधी जायचं

दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, तीन वर्षांनंतरही घरच्यांनाच त्याचं कळत नसेल, चार वर्षांनंतर बाहेरच्यांना बरंचसं कळत नसेल, बोलताना हवा नाकातून येत असेल, किंवा येत असलेले शब्द जायला लागले असतील, तर "मुलगे उशिराच बोलतात, जीभ सुटेल" म्हणत थांबू नका. आणि सगळ्यात आधी कान तपासा. वारंवार सर्दी आणि कान वाहणाऱ्या मुलाला मधून मधून कमी ऐकू येतं, स सारखे बारीक आवाज कानापर्यंत पोचतच नाहीत, तिथे हाताच्या कितीही खुणा करून उपयोग नाही. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासून वाचा आणि श्रवणाचंच काम करते. लांब राहात असाल तर २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी होते, त्या टीमला थेट विचारा, ते जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात.

जाताना मुलाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ घेऊन जा, घरात खेळताना आपल्याच नादात बोलतानाचा, कारण नवीन जागी ते तोंड उघडणारच नाही. आणि तो कुठल्या शब्दाला काय म्हणतो त्याची एक यादी करा, जसं म्हणतो तसंच लिहून, तावळा, दाडी, लिक्षा. आमच्या मॅडमनी पहिल्या दिवशी तीच यादी आधी मागितली होती.